कीडनियंत्रणाचा व्यवसाय आणि परवाना

नवीन पनवेलला लागून, माथेरानकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुकापूर हे गाव आहे. जेथे एके काळी भाताची खाचरे होती तेथे आता बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. तथापि पंचक्रोशीतील शेती अद्याप पूर्णपणे संपलेली नाही. अशा गावातील एखादा शेतकरी आपल्या खाचरात खोडकिड्यासाठी औषध फवारतो, तेव्हा त्यास कोणत्याही परवान्याची आवश्यकता नसते. मात्र तोच पंप पाठीस लावून तो शेजारच्या इमारतीत मोबदला घेऊन झुरळे व ढेकूण मारण्यास गेला, तर कायद्याच्या दृष्टीने तो कीडनियंत्रणाचा व्यवसाय करीत असतो आणि परवान्याविना तसे करणे हा गुन्हा ठरतो. पंप तोच, औषधही कदाचित तेच. मग हा भेद कशासाठी?

हा भेद कीटकनाशके अधिनियम, 1968 याने केला आहे. स्वतःच्या घरगुती वापरासाठी, परसबागेसाठी अथवा स्वतः कसत असलेल्या जमिनीसाठी कीटकनाशक वापरणाऱ्यास या अधिनियमाच्या कलम 38 अन्वये सूट आहे. आपल्या शेतावर काय फवारले, केव्हा फवारले आणि तेथे किती दिवस जाऊ नये, हे शेतकऱ्यास ठाऊक असते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबास मात्र आपल्या स्वयंपाकघरात कोणते विष शिंपडले गेले याची बहुधा कल्पना नसते. विष वापरणारा एक आणि त्याचे परिणाम भोगणारा दुसरा, अशी स्थिती जेथे निर्माण होते तेथे शासनाने मध्ये उभे राहावे, हे या परवान्यामागील तत्त्व होय.

कायदा कसा आला

या कायद्याच्या मुळाशी एक दारुण घटना आहे. 1958 साली केरळात विषबाधेने शंभराहून अधिक माणसे दगावली. पॅराथिऑन हे अत्यंत जहाल कीटकनाशक आणि खाद्यपदार्थ यांची एकाच जहाजातून वाहतूक झाली होती आणि गळतीमुळे ते विष पिठात मिसळले होते. या प्रकरणाच्या चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमण्यात आला. कीटकनाशकांची आयात, निर्मिती, विक्री, वाहतूक व वापर यांवर नियंत्रण ठेवणारा स्वतंत्र कायदा असावा, या विचारास तेव्हापासून चालना मिळाली. 1968 साली संसदेने अधिनियम संमत केला व 1971 साली त्याखालील नियम तयार झाले. प्रारंभी परवान्याची अट प्रामुख्याने निर्माते व विक्रेते यांना होती. पैसे घेऊन फवारणी करणारा व्यावसायिक तिच्या कक्षेत आला तो 1977 च्या दुरुस्तीने.

नोंदणी निराळी, परवाना निराळा

या दोन शब्दांची नेहमी गल्लत होते. नोंदणी होते ती कीटकनाशकाची. केंद्रीय नोंदणी समिती त्याची परिणामकारकता व सुरक्षितता तपासून नोंदणी क्रमांक देते. नोंदणी नसलेले कीटकनाशक देशात आयात करता येत नाही वा तयार करता येत नाही. परवाना मिळतो तो व्यक्तीस अथवा संस्थेस. तो राज्य शासनाने नेमलेला अधिकारी देतो व महाराष्ट्रात हे काम कृषी विभागाकडे आहे. व्यवसाय एकाहून अधिक ठिकाणी असल्यास प्रत्येक ठिकाणासाठी स्वतंत्र परवाना लागतो. मुंबईच्या कार्यालयाचा परवाना दाखवून पनवेलची शाखा चालविता येत नाही.

आणखी एक गैरसमज ग्रामपंचायतींतही आढळतो. दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणीचा दाखला, ज्यास लोक अजूनही ‘गुमास्ता’ म्हणतात, अथवा ग्रामपंचायतीचे व्यवसायासाठीचे ना-हरकत प्रमाणपत्र हाती असले म्हणजे काम भागले, असे अनेक व्यावसायिक समजतात व ग्राहकही ते मान्य करतात. पण त्या कागदावरून दुकान आहे एवढेच सिद्ध होते. दुकान चालविणाऱ्यास विष हाताळण्याचे ज्ञान आहे की नाही, याविषयी तो कागद काहीही सांगत नाही.

ते ज्ञान तपासण्याची व्यवस्था नियम 10 मध्ये आहे. कीडनियंत्रण व्यावसायिक हा कृषी शाखेचा अथवा रसायनशास्त्र विषय घेतलेला विज्ञान शाखेचा पदवीधर असावा आणि त्याने किमान 15 दिवसांचे प्रशिक्षण मान्यताप्राप्त संस्थेत घेतलेले असावे, अशी ही अट आहे. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, हापूर येथील धान्य साठवण संस्था व हैदराबादची वनस्पती संरक्षण प्रशिक्षण संस्था यांची नावे त्यासाठी नियमांत दिलेली आहेत. अट वरवर जाचक वाटते. परंतु औषधाची मात्रा चुकली तर काय होते हे ज्याने पाहिले आहे, तो तिला जाचक म्हणणार नाही.

धुरीचा प्रश्न

सर्वांत अधिक दक्षता लागते ती विषारी वायूंच्या धुरीस. अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी हवेतील ओलाव्याशी संयोग पावताच फॉस्फिन हा वायू सोडते. गोदामातील धान्याची कीड त्याने मरते, माणूसही मरतो. हा वायू हवेपेक्षा किंचित जड असून भिंतीच्या फटींतून, नळांच्या मार्गांतून शेजारच्या खोलीत सहज शिरतो. या विषावर नेमका उतारा उपलब्ध नाही. म्हणून या गोळ्यांचा वापर शासन, शासकीय उपक्रम व तज्ज्ञांच्या देखरेखीखालील कीडनियंत्रण व्यावसायिक यांच्यापुरताच मर्यादित ठेवला आहे आणि अशा व्यावसायिकास केंद्राच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांची स्वतंत्र मान्यता लागते. 3 ग्रॅमच्या 10 व 20 गोळ्यांच्या नळ्यांवर 2001 साली पूर्ण बंदी घालण्यात आली. राहत्या घरात ढेकणांसाठी अशा गोळ्या ठेवून जाणारा इसम हा व्यावसायिक नसून धोका आहे, हे शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी गावकऱ्यांच्या मनावर बिंबवणे अगत्याचे आहे. पनवेल परिसरात हा विषय आणखी एका कारणाने महत्त्वाचा ठरतो. जवळच न्हावा-शेवा बंदर आहे आणि निर्यातीच्या मालास व त्याच्या लाकडी वेष्टनास धुरी देण्याचे काम बंदराच्या आसपास चालते. तेथे धुरी देणाऱ्या संस्थांना केंद्राची मान्यता घ्यावी लागते.

वाळवीचे काम त्या मानाने निरुपद्रवी समजले जाते. तसे ते नाही. नव्या इमारतीच्या पायात कीटकनाशकाचे द्रावण मोठ्या प्रमाणात मुरविले जाते. याविषयीच्या भारतीय मानक 6313 मध्ये पिण्याच्या पाण्याच्या विहिरी व झरे दूषित होऊ न देण्याची सूचना आहे. बांधकाम चालू असलेल्या प्रत्येक गावी जवळच्या विहिरींची पाहणी आधी होणे इष्ट आहे.

मजुराची बाजू

नियम ग्राहकापुरते नाहीत. फवारणी करणाऱ्या मजुराची कामावर घेण्यापूर्वी व त्यानंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी करणे, त्यास संरक्षक कपडे व श्वसनसाधने पुरविणे, प्रथमोपचाराचे साहित्य व उतारे हाताशी ठेवणे आणि त्यास प्रशिक्षण देणे या जबाबदाऱ्या नियमांनी मालकावर टाकल्या आहेत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जणांचा बळी गेला. त्यांत दुसऱ्याच्या शेतावर राबणारे मजूरही होते. उघड्या अंगाने व तोंडास काही न बांधता पंप चालविणारा मजूर दृष्टीस पडला, तर त्याच्या मालकाच्या परवान्याविषयी शंका घेण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

शाळेत, अंगणवाडीत अथवा पंचायतीच्या इमारतीत असे काम द्यावयाचे असेल तेव्हा परवाना प्रत्यक्ष पाहावा. त्यावरील नाव, पत्ता व मुदत तपासावी. त्यानंतर औषधाचा डबा मागावा. त्यावर नोंदणी क्रमांक असतो आणि शंकरपाळ्याच्या आकाराचा चौकोन असतो. त्याचा खालचा भाग तांबडा असल्यास औषध अतिशय जहाल, पिवळा असल्यास त्याखालोखाल, निळा असल्यास मध्यम व हिरवा असल्यास सौम्य समजावे. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. डब्याऐवजी साध्या बाटलीतून औषध आणले असल्यास काम तेथेच थांबवावे. पोषण आहाराच्या धान्याची खोली रिकामी केल्याखेरीज फवारणीस देऊ नये. रिकामे डबे मुलांच्या हाती वा पाणी भरण्यास जाऊ न देता फोडून, वस्तीपासून दूर पुरावेत.

परवाना नसल्याची खात्री पटल्यास अथवा तो दाखविण्यास टाळाटाळ झाल्यास तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते. कीटकनाशक निरीक्षकास जागेची झडती घेण्याचा, नोंदवह्या तपासण्याचा व औषधाचा नमुना पृथक्करणासाठी पाठविण्याचा अधिकार आहे. विषबाधा झाल्यास रुग्णास प्रथम मोकळ्या हवेत न्यावे आणि दवाखान्यात नेताना औषधाचा डबा व त्यासोबतचे माहितीपत्रक बरोबर द्यावे. उताऱ्याची माहिती डॉक्टरांना त्यातूनच मिळते.