टॉवरवरचा राउटर: स्वस्त कोणता, आणि स्वस्तात पडणारा कोणता?

आजचा भाग ऐकायला जमला नसेल, तर हा त्याचा लिखित मजकूर. इयरफोन नसले तरी चालेल, निवांत वाचा.

प्रश्न एका श्रोत्याचा आहे. घाटमाथ्यावरच्या तीन-चार वाड्यांना तो आणि त्याचा मित्र वायरलेस इंटरनेट पुरवतात, तालुक्यातल्या परवानाधारक आयएसपीचे भागीदार म्हणून. घरं साठेक. खालच्या गावापर्यंत फायबर आहे, तिथून डोंगरावरच्या टॉवरला रेडिओ लिंक, आणि टॉवरवरून तीन दिशांना तीन सेक्टर अँटेना. भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातली ६०५ मेगाहर्ट्झ जागा परवानामुक्त झाली, त्यामुळे अशा लिंक उभ्या करणं सोपं झालं. आता तो विचारतो, "दादा, टॉवरवर टाकायला परवडणारा राउटर कोणता घेऊ?"

माझं उत्तर असं: आधी किंमत बघू नका. पावसाळ्यात रात्री दहाला राउटर बंद पडला, तर सकाळी उजाडल्यावर दोन तास चढून जावं लागतं. तोवर साठ घरं बंद. कुणाचा परीक्षेचा फॉर्म भरायची तीच शेवटची रात्र असते. म्हणून स्वस्त राउटर तोच, जो तुमची डोंगरावरची फेरी वाचवतो. तो ओळखायचा कसा, ते चार मुद्द्यांत बघू.

पहिला: टॉवरवर काम किती ठेवायचं?

राउटरच्या खोक्यावर 'गिगाबिट' लिहिलेलं असतं. तो पोर्टचा वेग झाला, प्रोसेसरची ताकद वेगळी. राउटरला मेगाबिट नाही, पॅकेट मोजावी लागतात. १०० एमबीपीएसचा ट्रॅफिक १५०० बाइटच्या मोठ्या पॅकेटमधून आला, तर सेकंदाला साधारण ८,३०० पॅकेट होतात. तोच ६४ बाइटच्या छोट्या पॅकेटमधून आला, तर जवळपास १ लाख ९५ हजार! प्रत्यक्षातला ट्रॅफिक या दोघांच्या मधे कुठेतरी असतो.

लॅटव्हियाची मायक्रोटिक कंपनी आपल्या प्रत्येक मॉडेलच्या चाचणीचा तक्ता वेबसाइटवर देते. त्यातला सगळ्यात मोठा आकडा बघून खूश होऊ नका. ५१२ बाइटचा रकाना बघा, आणि '२५ सिंपल क्यू' किंवा '२५ फिल्टर रूल' असं लिहिलेली ओळ बघा. तुमचा खरा आकडा त्याच्या आसपास असतो.

आणखी एक गंमत. राउटरओएसमध्ये फास्टट्रॅक चालू केलं की वेग एकदम वाढतो. पण ती पॅकेट सिंपल क्यूला वळसा घालून जातात. म्हणजे २० एमबीपीएसचा प्लॅन घेतलेल्या घराला मर्यादाच लागत नाही.

यावर उपाय असा: ग्राहकांचे लॉगिन, प्लॅनची वेगमर्यादा आणि नॅट हे सगळं खालच्या गावात, जिथे फायबर येते तिथे एका दमदार राउटरवर ठेवा. टॉवरवरच्या राउटरला फक्त पॅकेट पुढे ढकलू दे. मग तिथे छोटं मॉडेलही पुरतं.

दुसरा: वीज

बरेच जण बॅटरी, तिच्यावर इन्व्हर्टर आणि इन्व्हर्टरवर अडॅप्टर अशी साखळी लावतात. म्हणजे डीसीचं एसी आणि एसीचं परत डीसी. हिशेब करू. चार रेडिओ प्रत्येकी ८ वॉट आणि राउटर ८ वॉट धरला, तर एकूण ४० वॉट. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या, तर २,४०० वॉट-तास होतात. लेड-अॅसिड बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे हातात १,२०० वॉट-तास. थेट डीसीवर चालवलं तर ३० तास. इन्व्हर्टरची गळती धरून भार ६० वॉट झाला, तर २० तास. मधले दहा तास म्हणजे आख्खी एक रात्र!

पण थेट जोडताना व्होल्टेज तपासा. २४ व्होल्टची बॅटरी चार्ज होताना २८.८ व्होल्टपर्यंत जाते, इक्वलायझिंगच्या वेळी त्याहूनही वर. मायक्रोटिकच्या हेक्स आरबी७५०जीआर३ मॉडेलची मर्यादा ३० व्होल्ट आहे, म्हणजे अगदी काठावर. हेक्स पीओई म्हणजे आरबी९६०पीजीएस ५७ व्होल्टपर्यंत घेतो. शिवाय त्याच्या चार पोर्टमधून रेडिओला वीज देता येते. मात्र २४ व्होल्टच्या बॅटरीवर तो जी वीज घेतो तीच पुढे देतो, म्हणून रेडिओंचीही मर्यादा वाचा. पॅसिव्ह पीओई समोर कोण आहे ते विचारत नाही. २४ व्होल्टच्या रेडिओला ४८ दिले की संपला विषय.

याचा मोठा फायदा असा, की रेडिओ हँग झाला तर घरबसल्या त्या पोर्टची वीज बंद-चालू करता येते. पिंगला उत्तर आलं नाही तर राउटरने हे आपोआप करावं, अशी सोयही आहे. वाचली ना फेरी?

तिसरा: ऊन आणि आकाशातली वीज

यातली बरीच मॉडेल ६० अंश सेल्सिअसपर्यंत चालतील असं कंपनी सांगते. पण बाहेर ४२ अंश असताना उन्हातली पत्र्याची पेटी आतून ६० सहज ओलांडते. पेटी सावलीच्या बाजूला लावा, वर छप्पर द्या, खाली हवेसाठी जाळी ठेवा. केबल शील्डेड घ्या, सर्ज प्रोटेक्टर लावा आणि अर्थिंग नीट करा. यात वाचवलेले पैसे पहिल्याच वळवाच्या पावसात जातात.

चौथा: कपाटातला जोडीदार

महागडा एक घेण्यापेक्षा परवडणारे दोन सारखेच घ्या. दुसऱ्यात तेच कॉन्फिगरेशन भरून घरी ठेवा. बॅकअप फाइल त्याच यंत्रासाठी असते, म्हणून टेक्स्टमधली एक्सपोर्ट फाइलही जपा. आणि अपडेट टाळू नका. २०१८ च्या एप्रिलमध्ये विनबॉक्समधल्या त्रुटीवर मायक्रोटिकने दुरुस्ती दिली होती. ती न टाकलेले हजारो राउटर पुढे कित्येक महिने हॅकरांच्या हाती लागत राहिले. अपडेट आधी कपाटातल्या राउटरवर करून बघा, मग टॉवरवर.

तर आपल्या श्रोत्यासाठी निष्कर्ष: तीन सेक्टर आणि एक लिंक, म्हणजे चार रेडिओ. टॉवरवर हेक्स पीओईसारखं छोटं मॉडेल थेट बॅटरीवर, जोडीला तसंच एक घरी. प्रोसेसरवर खर्च करायचा तो खालच्या गावात. वाढदिवसाला राउटर मागणारे आपल्यात कमीच, पण व्हिडिओ न अडकता चालतो तेव्हा डोंगरावरचा तो छोटा डबा आठवा.

तुमच्या टॉवरची गोष्ट व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या भागात!