जुन्या फळ्यांची मधपेटी

मधपेटी घरी बनवताना लाकूड जुनं चालतं. माप मात्र अचूकच हवं. पाश्चात्य मधमाशी साधारण ६ ते ९ मिलिमीटरची फट ये-जा करायला मोकळी ठेवते, हे हेरून अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ यांनी १८५१मध्ये सुट्या चौकटींची पेटी आखली. फट मोठी राहिली तर माश्या तिथं पोळं बांधतात, लहान राहिली तर राळेनं बुजवतात. मग चौकट उचलताना पोळी फाटतात. आपली सातेरी मधमाशी अंगानं लहान, म्हणून परदेशी आराखडा तिच्यासाठी जसाच्या तसा उतरवू नये.

भंगारातून विष किंवा रोग येईल, हा आक्षेप रास्त आहे. पण निवड नीट केली तर धोका बराच टळतो. मालवाहू पॅलेटवरचा ‘एचटी’ शिक्का सांगतो की कीड मारायला उष्णता वापरली आहे. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते लाकूड टाळावं. तेलकट, रंगवलेल्या फळ्याही नकोत. अमेरिकन फाउलब्रूड या रोगाचे बीजाणू जुन्या पेटीत दशकानुदशकं टिकतात, त्यामुळे पूर्वेतिहास ठाऊक नसलेली वापरलेली पेटी फुकटही घेऊ नये. तयार पेटीचं माप नेमकं असतं, हेही खरं. म्हणून सुतारकामात हात बसेपर्यंत चौकटी विकत घ्याव्यात आणि भोवतालचा खोका तेवढा जुन्या फळ्यांचा करावा.