एरिथ्रिटॉल: गोडी आहे, पाक नाही

मी घरगुती फराळाच्या ऑर्डर घेते. हल्ली दिवाळी जवळ आली की कुणीतरी विचारतंच, "काकू, साखरेऐवजी एरिथ्रिटॉल घालून द्याल का?" दिसायला साखरेसारखंच पांढरं, कणीदार. रसायनशास्त्र त्याला शुगर अल्कोहोल म्हणतं. पण त्याने नशा चढत नाही.

द्राक्षं, पेअर, खरबूज यांत ते अगदी थोडं असतं. बाजारात मिळतं ते ग्लुकोज यीस्टने आंबवून बनवलेलं. हे ग्लुकोज बहुधा मक्याच्या स्टार्चचं. साखरेच्या एका ग्रॅममध्ये ४ कॅलरी, यात जेमतेम ०.२. कारण त्यातलं बहुतेक लहान आतड्यातून रक्तात जातं आणि जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं. रक्तातली साखर वाढत नाही.

त्याचे नखरे कळतात ते स्वयंपाकघरात. गोडी साखरेच्या साधारण ६० ते ७० टक्के, जिभेवर किंचित गारवा. चहा-खिरीला चालतं. बेसनाच्या लाडवात दळून घातलं तर निभतं. पण एकतारी पाक धरत नाही, साखरेसारखं तांबूस होत नाही, आणि गार श्रीखंडात पुन्हा कणी धरतं. बुंदीच्या लाडवाला मी ते घेतच नाही.

फार खाल्लं तर पोट बिघडतं. २०२३ साली 'नेचर मेडिसिन'मधल्या अभ्यासात, रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात अधिक आढळले. त्याला कारण एरिथ्रिटॉलच, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

तेव्हा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि लाडू बिनसाखरेचा असला, तरी त्यातलं बेसन आणि तूप मोजूनच खा.