मोझेलच्या उतारावरील रीसलिंग

मोझेल नदीच्या खोऱ्यात द्राक्षवेल रोमनांच्या अमदानीपासून आहे आणि चौथ्या शतकात ऑसोनियस या लॅटिन कवीने तेथील मळ्यांचे वर्णनही करून ठेवले आहे. तथापि ज्या रीसलिंग जातीमुळे या खोऱ्याची कीर्ती झाली, तिला तेथे अग्रस्थान मिळण्यास एक फर्मान कारणीभूत झाले. ट्रीअरचा धर्माधिपती व राज्यकर्ता क्लेमेन्स व्हेन्सेस्लाउस याने १७८७ साली हुकूम काढला, की हलक्या वेली उपटून त्यांच्या जागी उत्तम प्रतीच्या लावाव्यात. भरघोस पिकणाऱ्या एल्बलिंग या हलक्या जातीवर ज्यांचा चरितार्थ चाले त्या रयतेस तो जाचक वाटला असल्यास नवल नाही. परंतु हुकूम योग्य होता, असेच मी म्हणेन. रीसलिंग फार उशिरा पिकते, आणि त्या थंड मुलखात तिला लागणारी ऊब दक्षिणाभिमुख कड्यांवरचा पाटीचा दगड दिवसभर साठवून रात्री वेलीस परत देतो. ब्रेम गावाजवळील काल्मोंटचा चढ तर साठ अंशांहून अधिक असल्याने तेथे सारी मशागत माणसालाच हातांनी करावी लागते.

१८१५ नंतर प्रशियाचा अंमल बसला. १८३४ च्या जकातसंघाने दक्षिणेकडील स्वस्त मद्यास बाजार खुला झाला, भाव कोसळले, आणि मळेवाले कर्जात बुडाले. ट्रीअरमध्येच जन्मलेल्या कार्ल मार्क्सने १८४३ साली या हलाखीवर एका वृत्तपत्रात लिहिले, तेव्हा सरकारी दफ्तराची अनास्था त्याने निर्भीडपणे मांडली. त्याच वर्षी ते वृत्तपत्र बंद पडले. मात्र शतक संपण्यापूर्वी याच उतारांवरील मद्यास उत्तम दर येऊ लागले होते.

विसाव्या शतकातील फर्मानाविषयी माझे मत प्रतिकूल आहे. १९७१ च्या कायद्याने सपाटीवरच्या विस्तीर्ण क्षेत्रांनाही नामांकित गावांची नावे वापरण्याची मुभा दिली. त्यामुळे पीस्पोर्टच्या कड्यावरील ‘गोल्डट्रॉप्फशन’ मळ्याची प्रतिष्ठा ‘मिखेल्सबेर्ग’ या मोठ्या क्षेत्रातील हलक्या मद्यासही आयती लाभली. १८८२ साली निपजलेली, लवकर पिकणारी म्युलर-थुर्गाऊ ही द्राक्षाची जात सपाटीवर फोफावली आणि ग्राहकाची सरसहा फसगत झाली.

आज खोऱ्यातील सुमारे साठ टक्के क्षेत्र रीसलिंगखाली आहे. एल्बलिंग मात्र ट्रीअरच्या वरच्या अंगास, चुनखडीच्या जमिनीत, अद्याप टिकून आहे.