तोंड पाहून सोबती

दुकानातल्या टाकीत रुपयाच्या नाण्याएवढे एंजलफिश आणि निऑन टेट्रा गुण्यागोविंदाने फिरत असतात. दोन्ही ‘शांत मासे’ म्हणूनच विकले जातात. पण एंजल वाढला की त्याचं तोंडही वाढतं, आणि मग टाकीतले निऑन रातोरात कमी होऊ लागतात. एंजल बिघडलेला नसतो; तोंडात मावेल ते त्याचं खाणं. म्हणून मी सोबती निवडताना पूर्ण वाढीचं माप आणि तोंड आधी बघतो, रंग शेवटी.

तोंडाची ठेवणच माशाची जागा सांगते. गप्पीचं तोंड वर वळलेलं, तो पृष्ठभागावरचं टिपतो. निऑन मधल्या थरात राहतो. कोरिडोरसचं तोंड खाली, बाजूला मिशा. बारीक वाळू असेल तर तो ती तोंडात घेतो, चाळतो आणि कल्ल्यांतून भुरभुर सोडून देतो; हे तासन् तास बघावं. मधूनच सरळ वर झेपावून हवेचा घोट घेतो. नवखी माणसं घाबरतात, पण ही हवा तो आतड्यातून शोषतो. सारखाच वर जायला लागला, तर मात्र पाण्यातला प्राणवायू कमी पडतोय.

टायगर बार्बची गोष्ट वेगळी. दोन-तीनच असले तर गोरामीचे लांब पर कुरतडतात. आठ-दहा असले तर बहुतेक आपसातच पाठलाग करतात. तरी लांब परांच्या माशांजवळ मी ते ठेवणार नाही.

स्वभाव जुळला तरी पाणी जुळायला हवं. मुंबईत पालिकेचं, तलावांतून येणारं पाणी मऊ असतं, ते निऑनला मानवतं. बोअरवेलचं पाणी बहुधा जड. तिथे गप्पी आणि मोली खुलतात. गोल्डफिशला थंडावा हवा, शिवाय तो घाणही फार करतो. त्याला या मंडळींत घेऊच नये.

दोन फुटी, साधारण ५५ लिटरच्या टाकीला माझी पसंती ठरलेली: दहा निऑन, सहा छोटे कोरिडोरस आणि हनी गोरामीची जोडी. नवे मासे आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत राहतात. मुख्य टाकीत सोडताना दिवा बंद ठेवतो, दगड थोडे हलवतो, म्हणजे जुन्यांच्या ठरलेल्या हद्दी मोडतात. दुसऱ्या दिवशी खाणं दोन्ही टोकांना टाकतो. तेव्हाही कोणी फिल्टरमागे दबून राहिला किंवा कुणाच्या शेपटीची कड फाटलेली दिसली, तर त्रास देणाऱ्याला त्याच दिवशी बाहेर काढतो.