उजेड किती वेळ टिकला?

सफरचंदातून बंदुकीची गोळी आरपार जाताना नेमकं काय होतं? १९६४ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी ते फोटोत दाखवलं. गोळी पलीकडे निघून गेलीय, सफरचंद अजून जागच्या जागी आहे आणि गर दोन्ही बाजूंनी उसळतोय. जिथून गोळी आत शिरली, तिथूनसुद्धा! असा फोटो काढायला शटर भलतंच वेगवान लागत असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात शटर उघडंच होतं. खोलीत मिट्ट काळोख होता. गोळीचा आवाज मायक्रोफोनपर्यंत पोचला, त्याने फ्लॅश पेटला आणि सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आतच विझला. फिल्मवर उमटलं ते तेवढ्याच वेळातलं.

खेळाचा फोटो फ्लॅशवर काढतात तेव्हा सगळी मदार याच युक्तीवर असते. क्षण पकडण्याचं काम शटरकडून निघून उजेडाकडे जातं. ताशी १४० किलोमीटरने आलेला क्रिकेटचा चेंडू सेकंदाच्या हजाराव्या भागात जवळजवळ ४ सेंटीमीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या अर्ध्याहून जास्त. फोटोत नुसता फराटा येणार. उजेड दहा हजाराव्या भागापुरताच असेल तर तो सरकतो फक्त ४ मिलिमीटर.

एवढा आखूड उजेड येतो कुठून? फ्लॅशच्या आत कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते आणि पुढे नळीत झेनॉन वायू भरलेला असतो. एरवी हा वायू वीज वाहू देत नाही. बटण दाबताच त्याला हजारो व्होल्टचा एक झटका बसतो, वाट मोकळी होते आणि साठलेली वीज नळीतून एकदम धावते. कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशमध्ये ही धाव मध्येच तोडता येते. त्यामुळे ताकद कमी केली की उजेड मुख्यतः लवकर संपतो. पूर्ण ताकदीवर तो साधारण सेकंदाचा हजारावा भाग टिकतो, बत्तिसाव्या हिश्शावर दहा हजाराव्या भागाहूनही कमी. वेगवान खेळासाठी फ्लॅशची ताकद कमी करायची, हे पहिल्यांदा ऐकल्यावर पटतच नाही!

पण मैदानात काळोख कुठला? तिथले दिवेही फिल्मवर आपला ठसा उमटवतात आणि खेळाडूच्या कडेला पुसट सावली धरते. ती टाळायला शटरही झटपट मिटावं लागतं. बहुतेक कॅमेऱ्यांत शटरला दोन पडदे असतात. वेग १/२५० सेकंदाच्या आसपास पोचला की पुढे दुसरा पडदा लवकर निघतो, चौकट एकाच वेळी पूर्ण उघडी राहत नाही आणि फोटोत काळा पट्टा येतो. रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याचं शटर मात्र लेन्सच्या आत असतं. ते १/५०० लाही पूर्ण उघडतं.

असा रोलायफ्लेक्स घेऊन २२ वर्षांचा फोटोग्राफर नील लाइफर २५ मे १९६५ रोजी मेन राज्यातल्या लुइस्टनमध्ये रिंगच्या कडेला बसला होता. सामना बॉक्सिंगचा, मुहम्मद अली विरुद्ध सनी लिस्टन. पहिल्याच फेरीत लिस्टन आडवा झाला. तो ठोसा इतका झटकन बसला की हॉलमधल्या कित्येकांना तो दिसलाच नाही. लाइफरच्या फोटोत अली पडलेल्या लिस्टनवर ओरडतोय, एक हात छातीसमोर दुमडलेला. उजेड वरून येतोय, कारण ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ मासिकाचे फ्लॅश रिंगच्या वर टांगलेले होते. खांद्याचा, दंडाचा प्रत्येक स्नायू त्यामुळे उठून दिसतो. मागचे प्रेक्षक मात्र काळोखात बुडालेत. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. गर्दीपर्यंत फारसा पोचतच नाही. तरी अलीच्या पायांमधून पलीकडे बसलेला हर्ब शार्फमन दिसतो. तोही त्याच मासिकाचा कसलेला फोटोग्राफर, पण त्याच्या वाट्याला त्या क्षणी अलीची पाठ आली.

जागेचं नशीब होतंच. पण फ्लॅश एकदा उडाला की कपॅसिटर पुन्हा भरेपर्यंत थांबावं लागतं. धडाधड दहा फोटो काढून नंतर त्यातला एक निवडू, ही सोय नाही. लाइफरने घाईने आधी बटण दाबलं असतं, तर हा क्षण अंधारात गेला असता.

पुढच्या वर्षी, १४ नोव्हेंबर १९६६ ला, ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये लाइफरने रिंगच्या ८० फूट वर कॅमेरा टांगला. पाठीवर सपाट पडलेला क्लीव्हलँड विल्यम्स आणि हात उंचावून चालत निघालेला अली, असा थेट वरून घेतलेला तो फोटो लाइफरचा स्वतःचा सर्वांत आवडता. त्याची रचना अप्रतिम आहे, यात शंका नाही. माझा कौल मात्र लुइस्टनलाच: तिथे आधी योजून ठेवलेले होते ते फक्त दिवे, बाकी सगळं त्या मुलाने डोळ्यासमोर घडत असताना ठरवलं.