ह्मोंगांची डोंगरशेती

लाओसच्या उत्तरेकडील डोंगरांत, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,000 मीटरहून उंच उतारांवर वस्ती करून राहिलेल्या ह्मोंग समाजाची पारंपरिक शेती सह्याद्रीतील कुमरीच्या जातीची होती : हिवाळ्याच्या अखेरीस जंगल तोडावयाचे, मार्च-एप्रिलच्या सुमारास ते जाळावयाचे, आणि पावसाच्या आरंभी पुरुषांनी टोकदार काठीने पाडलेल्या भोकांत स्त्रियांनी मागून भाताचे बी टाकीत जावयाचे, असा तिचा क्रम असे. भाताखेरीज पिकविलेला मका बव्हंशी डुकरे, कोंबड्या व घोडी यांच्या वाट्यास जाई. आणि मक्याच्याच रानात मागाहून पेरलेल्या खसखशीची अफू, फ्रेंच अमलात सरकारी मक्त्याचा जिन्नस असल्यामुळे, कुटुंबाला चांदी व रोकड मिळवून देई. पहाटे उठून पायाने चालविण्याच्या उखळात भात कांडणे, पाठीवरच्या टोपलीतून सरपण वाहणे, आणि भांगेच्या झाडाच्या सालीचे सूत काढून विणलेल्या कापडावर मेणाची नक्षी रेखून ते निळीत रंगविणे, ही कामे स्त्रियांच्या शिरावर असत. सुगी आटोपल्यानंतर, बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात, नववर्षाचा उत्सव होई. लाओसमधील 1975 च्या साम्यवादी सत्तांतरानंतर थायलंडमार्गे अमेरिकेत स्थायिक झालेल्या ह्मोंगांपैकी अनेक कुटुंबे मिनेसोटा व कॅलिफोर्निया येथे आजही भाजीपाला पिकवून बाजारात विकतात.